सासूबाईंचा उलटा कॅरेट

या, असे जवळ सरकून बसा. मागचे, तुम्हीही पुढे या, जागा आहे. एका बाईची, तिच्या वीस गुंठे टोमॅटोची आणि देवाने तिच्या पदरात टाकलेल्या जावयाची गोष्ट सांगतो. देवाने टाकलेल्या म्हटलं खरं, पण देवाला बोल लावू नका. स्थळ लेकीच्या मामाने आणलं होतं.

बाईंचं शेत एवढंसं. या बांधावरून खाकरलं तर त्या बांधावर ऐकू जावं. पण त्या रोपं तीन टप्प्यांत लावीत, वीस-वीस दिवसांच्या अंतराने. सगळ्यांचा माल एकदम निघून बाजार पडला की लोक टोमॅटो रस्त्याकडेला ओतून मोकळे होत. बाईंचे मात्र दर तिसऱ्या दिवशी पंधरा कॅरेट, म्हणजे प्लास्टिकचे जाळीदार खोके, भरत आणि एका मोठ्या वसतिगृहाच्या खानावळीत जात. तिथला आचारी हंगामभर एकच भाव देई. त्या एका गिऱ्हाइकावर बाईंची शेती नफ्यात होती. तो गेला की संपलं.

आणि आचारी महातापट. दोन व्यापाऱ्यांचा माल त्याने दारातूनच परत धाडलेला. बाईंचा मात्र न बघता उतरवून घेई, कारण बाईंची कॅरेट भरायची रीत. सारं जग चांगला माल वर मांडतं; बाई पिकलेला, चिरलेला, वाकड्या तोंडाचा टोमॅटो वर ठेवीत आणि टणक, नुकती लाली धरलेला तळाशी. वरचा थर आल्या दिवशी पातेल्यात जाई, खालचा तिसऱ्या दिवशीही सुरीखाली ताठ राही. मऊ माल तळाशी घातला तर ओझ्याने त्याचा चेंदा होणार, हे कळायला शाळेत जावं लागत नाही.

पण आमचे जावईबापू शाळेत गेले होते ना! तीन दिवसांच्या. तिथलं प्रमाणपत्र त्यांनी प्लास्टिकमध्ये मढवून घेतलं होतं आणि खिशातल्या कार्डावर ‘शेती सल्लागार’ असं छापलं होतं. आठ दिवसांसाठी बायकोला मोटरसायकलवर मागे बसवून आले ते गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून. त्या बुटांची आणि चिखलाची अजून ओळखसुद्धा झालेली नव्हती.

“आई, तुमच्या झाडांना ताण आहे,” आल्या आल्या त्यांनी सांगितलं.

“असेल हो. कालपर्यंत नव्हता,” बाई म्हणाल्या.

पुढचे चार दिवस निरूपण चाललं. बाई सुतळीने फांद्या तारेला बांधीत पुढे, हे मागे. मी पुष्कळ कीर्तनं ऐकली आहेत. कीर्तनकार एखाद्या वेळी घसरला तरी देवाचं नाव घेऊन सावरतो. यांच्याकडे तीही सोय नव्हती, कारण यांना स्वतःच्या पलीकडे कोणी ठाऊकच नव्हतं. बाईंनी जन्मभर पानावरच्या अळ्या पाहिल्या होत्या. कोणत्या अळीला कोणतं औषध, ते त्यांना तोंडपाठ. या एका अळीला मात्र फवारणी चालत नव्हती, कारण ती लेकीच्या कपाळी होती.

पाचव्या दिवशी विहिरीवरची मोटर जळाली. पाणी तुटलं तर फळाच्या बुडाला काळे डाग पडतात, म्हणून बाई मोटर घेऊन स्वतः दुरुस्तीवाल्याकडे गेल्या आणि माल भरायला लेकीला सांगून गेल्या. लेक भरायला बसली. तेवढ्यात गमबूट वाजले.

“हे काय? सडका माल वर?”

“सडका नाही हो, पिकलेला. आई असंच भरते.”

“म्हणूनच तुझी आई अजून इथे आहे. गिऱ्हाईक डोळ्यांनी खातं, बाईसाहेब! उलट सगळं.”

“अहो, पण आचारी...”

“आचारी! पळी हलवणारा माणूस मला बाजार शिकवणार?”

त्यांनी पंधराच्या पंधरा कॅरेट उलटवले. वर गुळगुळीत, एका मापाचे टोमॅटो रचले, प्रत्येकाचं देठ एका दिशेला. फोटो काढला. मऊ माल तळाशी गेला. लेक रिकामी टोपली उचलून घरात गेली. संध्याकाळी बाई आल्या तेव्हा टेम्पो जाऊन तास झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला तो रिकाम्या कॅरेटांबरोबर आचाऱ्यालाही घेऊन. त्याने एक भरलेला कॅरेट उतरवला आणि अंगणात पालथा केला. वरचे चार घरंगळले. बाकीचा लगदा, आंबट वासाचा, बुरशीच्या पांढऱ्या मिशा फुटलेला.

“मावशी, न बघता घेत होतो मी,” आचारी म्हणाला. “तीनशे पोरं जेवायला बसली आणि मी कापायला कॅरेट ओढला. हे निघालं. माझ्या हाताखालची माणसं हसली मला.”

बाईंनी लगद्याकडे पाहिलं, मग घरंगळलेल्या गुळगुळीत, एका मापाच्या चार टोमॅटोंकडे. कोणाचा हात फिरला ते लगेच कळलं. पण जावयाचा पाणउतारा परक्यासमोर करायचा कसा? तो लेकीच्याच अंगावर उलटणार. त्यांनी ओठ मिटले.

जावईबापूंनी मात्र उघडले.

“काय आहे, आईंचं आता वय झालंय. नजर पोचत नाही. मी म्हणतच होतो, व्यवस्थापन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात हवं. हे माझं कार्ड.”

आचाऱ्याने कार्ड घेतलं नाही. तो बाईंकडे बघत राहिला. “खरं का, मावशी? तुम्ही भरलेत?”

एवढं मोठं खोटं बोलायला बाईंची जीभ वळत नव्हती, आणि खरं बोलायलाही. शेवटी त्या म्हणाल्या, “माझंच...”

“आईने नाही भरले.” लेक पायरीवरून खाली उतरली. “आई त्या दिवशी इथे नव्हतीच. यांनी भरले. मी सांगत होते, ऐकलं नाही. आणि नंतर मीही तोंड उघडलं नाही, ते माझं चुकलं.”

“तुला कोणी विचारलं?” जावईबापू ओरडले.

“कोणी नाही. म्हणूनच इतके दिवस गप्प होते.”

आचाऱ्याने जावईबापूंकडे खालपासून वर एकदा पाहिलं. बुटांपाशी तो जरा थांबला. मग एक रिकामा कॅरेट पालथा घालून त्यावर बसला.

“मावशी, भरा. मी बघत बसतो.”

मायलेकी भरायला बसल्या. तळाशी टणक, मग मधला, वर पिकलेला, वाकडा, चिरलेला. बोलणं नाही, नुसते हात. जावईबापू काही वेळ कमरेवर हात ठेवून उभे होते. मग कोणी विचारेना, म्हणून त्यांनीच विचारलं, “मी काय करू?”

“तुम्ही उचला,” लेक म्हणाली. “आणि हळू ठेवा.”

त्यांनी पंधरा कॅरेट टेम्पोत चढवले. तेराव्याला कण्हले. जाताना आचारी बाईंना म्हणाला, “परवा याच वेळेला. मी नाही येणार, माणूस येईल.” म्हणजे पुन्हा न बघता.

दुपारी जावईबापूंनी रजा संपल्याचं जाहीर केलं. एक दिवस शिल्लक होता, पण सल्लागारांचा वेळ मौल्यवान असतो. बाई फाटकापर्यंत गेल्या. “राहतेस का दोन दिवस?” त्यांनी लेकीला हळूच विचारलं. लेकीने मान हलवली, नाही म्हणून, आणि पदर खोचून त्याच मोटरसायकलवर, त्याच ताठ पाठीमागे बसून गेली. वाटेत तिला काय ऐकावं लागलं, घरी गेल्यावर किती दिवस ऐकावं लागलं, ते मला माहीत नाही. गोड काही नसणार.

बाईंचा मळा राहिला. म्हणून एवढंच मागतो, मंडळी. तुम्ही देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांनंतर, शेवटी का होईना, मोटरसायकलवर मागे बसलेल्या त्या लेकीची आठवण काढा.