सवत आणि जावई

त्या दिवशी बाबा दोनदा ताटावरून उठले. आमच्याकडे त्याचं कुणाला नवल नव्हतं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि ऑफिसने दिलेला फोन जेवतानाही त्यांच्या डाव्या हाताशी असायचा. आई त्याला सवत म्हणायची. माझ्या ऑफिसच्या फोनला जावई. लग्नाआधीच पोरीने जावई आणला, वर तो रोज जेवायलाही हजर, असं शेजारणीला सांगायची.

पूर्वी लिफ्टमध्ये कुणी अडकलं की माणसाचा फोन यायचा. अलीकडे लिफ्टच निरोप धाडू लागल्या होत्या. दार जरा घासलं तरी फोन किणकिणायचा. आईचा प्रश्न ठरलेला, "माणूस अडकलाय की दार?"

"दार," बाबा खरं सांगायचे आणि तरी चपला घालायचे. फोनवर म्हणायचे, "आलोच." दारातून आम्हालाही तेच, "आलोच." आई म्हणायची, हा माणूस सगळीकडे येतोय, पोचत कुठेच नाही.

त्या दिवशी दुसऱ्या खेपेहून ते लवकर परतले, गारढोण झालेलं जेवले, त्यावरून आईला चिडवलं आणि बोलणी खाल्ली. सकाळी ते उठलेच नाहीत.

ऑफिसचा माणूस फोन न्यायला आला तेव्हा आईने तो पुसून दिला. "सवत माहेरी चालली," म्हणाली, आणि बराच वेळ ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

आता आम्ही दोघीच जेवतो. दोघी आणि जावई. परवा कितीतरी दिवसांनी आई आपणहून बोलू लागली. बाबांनी तिला पहिल्यांदा त्यांच्या लिफ्टमधून वर नेलं आणि ऐटीत बटण दाबून दोन मजल्यांच्या मध्येच अडकवलं, ती गोष्ट. ती रंगात आली आणि माझा फोन थरथरला. साहेब.

"घे," म्हणत ती उठू लागली.

मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि फोन उचलला. "कुणी अडकलंय का, सर?"

साहेब गोंधळले. नाही, उद्याच्या बैठकीचा तक्ता जरा नजरेखालून घालायचा होता.

मी पुढे जे बोलले, ते आमच्या घरात फोनवर कधी कुणी बोललं नव्हतं. मीही नाही.

"मग सकाळी बघते. आत्ता मी घरी आहे."