पारा उतरला त्या दिवशी

मित्रांनो, मी काचेचा, पाऱ्याचा एक जुना थर्मामीटर आहे. वितळलेल्या काचेची नळी ओढून मला घडवलं आणि अंगावर बारीक रेघा कोरल्या. पुढे तीस वर्षं मी एका नर्सबाईंच्या खिशात काढली. त्या मला दोनदा झटकायच्या, उजेडाकडे धरून वाचायच्या आणि मोठ्या डॉक्टरांनाही ऐकवायच्या, "माझा पारा खोटं बोलत नाही." मी फुगून जायचो. आज त्या फुगण्याची लाज वाटते.

बाई निवृत्त झाल्या, मीही त्यांच्या घरी आलो. त्यांची चार वर्षांची नात ठमी मला काखेत धरून विचारायची, "आजी, याला गुदगुल्या होत नाहीत का गं?"

एकदा ठमीला ताप भरला तो हटेचना. डोळे लालभडक झाले, ओठ फुटले, अंगभर पुरळ उठलं. मी रोज एकशे तीन दाखवत होतो. नवव्या दिवशी डॉक्टर तिच्या आईला म्हणाले, "हा आजार कशाने होतो, कुणालाच ठाऊक नाही. पण तो हृदयाला इजा करू शकतो. उद्या मोठ्या दवाखान्यात न्याच, ताप उतरला तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पारा अठ्ठ्याण्णववर थांबला. मी खरं तेच सांगितलं होतं, मित्रांनो.

आईने पिशवी भरून ठेवली होती. आजीने ती रिकामी केली.

"ताप गेलाय. आता कशाला लेकराला सुया टोचायच्या?"

"अहो आई, पण डॉक्टर म्हणाले होते ना..."

"ते कालचं. हा आजचं सांगतोय," आजी मला पुढे धरून म्हणाली. "वॉर्डात जन्म गेलाय माझा."

आईने रिकामी पिशवी घडी करून ठेवली. आठवड्याने ठमीच्या बोटांची सालं निघाली, तेव्हा आजी हसली, "बघ, नवं कातडं येतंय!"

महिन्याभरात चेंडूमागे धावताना ठमी कोसळली. हृदय बंद पडलं होतं. ती पुन्हा उठली नाही.

आता आई आजीशी बोलत नाही. आजी रोज सकाळी मला दोनदा झटकते, कुणालाच न लावता उजेडाकडे धरते आणि वाचत बसते. तिच्या हातून निसटून फुटावं, असं मला वाटतं.

मला जपा, असं मी सांगणार नाही. मूल तापलं तर मला जरूर विचारा. पण अंग किती तापलंय, एवढंच मला कळतं. माझ्या भरवशावर कुणाची भरलेली पिशवी रिकामी करू नका.