वहिनी हरवल्याची वर्दी

आमच्या मुकादमाने वसंत ऋतूसाठी एक दिवस मंजूर केला होता. शनिवार, सकाळच्या सात चाळीसच्या गाडीपासून संध्याकाळी सहाच्या परतीच्या गाडीपर्यंत. वसंताला जे काय फुलायचं असेल ते त्याने तेवढ्या वेळात उरकून घ्यावं, अशी अपेक्षा होती.

मुकादम हे अर्थातच त्याचं खरं नाव नाही. तो सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पण कॉलेजच्या सहलीत त्याने शिट्टी वाजवून चाळीस जणांना चार वेळा मोजलं, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. परदेशात आल्यावर बिचाऱ्याला मोजायला तीनच माणसं उरली. एक त्याची बायको, आमच्या सगळ्यांची वहिनी. दुसरा शिंकोबा, हॉटेलच्या भटारखान्यात पाव भाजणारा आमचा मित्र. दिवसभर पिठात वावरतो तरी काही होत नाही, पण झाडांना पालवी फुटली की हा शिंकायला लागतो. आणि तिसरी मी. मी एका तळघरातल्या प्रयोगशाळेत लोकांसाठी खोटे दात बनवते. माझ्या कामात बोलायची गरज पडत नाही, त्यामुळे आठवड्याचं साचलेलं सगळं मी सुट्टीच्या दिवशी बोलून घेते. त्यातलं निम्मं टोमणे असतात, असं शिंकोबा म्हणतो.

मुकादमाने वेळापत्रक छापून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून प्रत्येकाच्या हातात दिलं. चौदा ठिकाणं होती. 'नदीकाठी रमणे' याला सतरा मिनिटं होती. वहिनींनी एवढंच सुचवलं होतं की वनस्पती उद्यान दुपारी न ठेवता बाराला ठेवूया. मुकादमाने दोन पुतळे इकडचे तिकडे करून ते जमवलं.

गाडीत वहिनी म्हणाल्या, "यंदा थंडी लांबलीय. फुलं पंधरा दिवस तरी उशिरा येतील."

"वेबसाइटवर पूर्ण बहर लिहिलंय," मुकादम म्हणाला.

"तो फोटो मागच्या वर्षीचा आहे."

"तू टेन्शन घेऊ नकोस गं. मी सगळं बघितलंय."

मी काय केलं? मी वहिनींना म्हटलं, "चहाचा थर्मास इकडे द्या ना." आता हे सांगायला लाज वाटते, पण सांगते. वहिनी इथे येण्याआधी सहा वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. ते मला माहीत होतं. पण त्यांचा चहा छान असतो, हे जास्त माहीत होतं.

बहराचा म्हणून जो प्रसिद्ध रस्ता होता, तिथे दोन्ही बाजूंना काटक्या उभ्या होत्या. कळ्या होत्या, पण मिटलेल्या. सबंध रस्त्यात एकच झाड फुललं होतं, तेही एका लाँड्रीच्या गरम हवेच्या झडपेशेजारी होतं म्हणून. त्याच्यासोबत फोटो काढायला तीस-पस्तीस जणांची रांग लागलेली. मुकादम त्या काटक्यांकडे असा बघत होता, जणू त्यांनी त्याचा ईमेल वाचला नाही.

"हे चुकीचं आहे," तो म्हणाला.

"झाडांशी बोलून बघ," मी म्हटलं. "वेळापत्रक दाखव त्यांना."

शिंकोबाने तेवढ्यात सात शिंका दिल्या. फूल एक नाही, पण ह्याच्या नाकाला वसंत पोचला होता.

आम्ही रांगेत उभे राहिलो. बावीस मिनिटांनी आमचा नंबर आला. फोटोत मुकादम हसतोय, शिंकोबाचे डोळे मिटलेत, माझं तोंड उघडं आहे आणि वहिनी घड्याळ बघतायत. मुकादमाला त्याचं फार कौतुक वाटलं. "बघा, हिला वेळेची किंमत आहे," तो आम्हाला म्हणाला.

उद्यानात पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दारातून आत जाताच वहिनी म्हणाल्या, "मी जरा बाथरूमला जाऊन येते. रांग असेल, वेळ लागेल. तुम्ही काचघर बघून घ्या." आणि जवळजवळ पळतच गेल्या.

आम्ही काचघर बघितलं. निवडुंगही बघितले. मुकादम परत येऊन बायकांच्या बाथरूमसमोर हाताची घडी घालून उभा राहिला. पंधरा मिनिटं झाली, मग पंचवीस. आत जाणाऱ्या बायका त्याच्याकडे संशयाने बघायला लागल्या. वहिनींचा फोन बंद होता.

"तू आत जाऊन बघ," तो मला म्हणाला.

मी आत गेले. पाच दारं बंद होती. मी मोठ्याने हाक मारली, "वहिनी! अहो वहिनी!" तिसऱ्या दाराआडून एका म्हाताऱ्या बाईने इथल्या भाषेत विचारलं, की कागद संपलाय का? मी बाहेर आले आणि मान हलवली.

इथपर्यंत मला मजा येत होती, हे कबूल करते. पण मुकादमाने वेळापत्रक हातात चुरगळलं, प्लॅस्टिकसकट, आणि मी मदत कुठे मिळेल ते शोधायला लागले.

सुरक्षारक्षकाची खोली उद्यानाच्या कचेरीला लागूनच होती. रक्षक वयस्कर होता. त्याचा वरचा डावीकडचा सुळा खोटा होता, आणि काम सुरेख होतं. त्याने शांतपणे एक फॉर्म पुढे ओढला.

"वय?"

"तेहतीस," मुकादम म्हणाला. मग, "चौतीस. चौतीस."

"कोट कुठल्या रंगाचा?"

मुकादम माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, हिरवा. शिंकोबा म्हणाला, चॉकलेटी. मुकादम म्हणाला, "गडद." सकाळपासून पाच तास आम्ही तिघं त्या बाईच्या अवतीभवती होतो. रक्षकाने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि 'गडद' लिहिलं.

"काम काय करतात?"

"काही नाही," मुकादम म्हणाला. "घरीच असते."

मधलं दार उघडं होतं. कचेरीच्या बाजूने वहिनी आत आल्या. सोबत पिकल्या केसांच्या, मातीने माखलेला एप्रन घातलेल्या एक बाई होत्या. वहिनींचा कोट पिवळा होता. चांगला हळदीसारखा पिवळा, नजर चुकवू म्हटलं तरी चुकणार नाही असा.

रक्षकाने कोटाकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं आणि 'गडद' खोडलं.

"अगं कुठे होतीस तू?" मुकादम ओरडलाच. "आम्ही वर्दी द्यायला आलोय!"

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या. "मुलाखत होती माझी. इथल्या बियाण्यांच्या विभागात."

"मुलाखत? आज? आणि मला सांगितलं नाहीस?"

"मागच्या वेळी सांगितलं होतं. तू तीन दिवस माझी तयारी करून घेतलीस. मी तिथे जाऊन तुझी उत्तरं दिली. एकही माझं नव्हतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "या वेळी म्हटलं, आपल्याला जे येतं ते बोलून बघू."

एप्रनवाल्या बाईंना आमचं एक अक्षर कळलं नव्हतं, पण त्यांनी वहिनींच्या पाठीवर हात ठेवला, आमच्या तिघांकडे बघून मान हलवली आणि निघून गेल्या. सासरच्या मंडळींना बघून माहेरची थोरली बाई हलवते ना, तशी.

त्यानंतरची सहा ठिकाणं आपोआप रद्द झाली. आम्ही उद्यानातच बाकावर बसून डबे खाल्ले. मुकादम रुसला होता. रुसायचा हक्क आपल्याला कितपत आहे, याचा त्याला अंदाज येत नसावा, त्यामुळे तो मधूनच रुसायचा आणि मधूनच लोणचं मागायचा. शिंकोबाने वातावरण हलकं करायला म्हणून विचारलं, "वहिनी, तिथे चहा चांगला होता का?" आणि माझ्याकडून कोपरखळी खाल्ली.

परतीच्या गाडीत मुकादमानेच विचारलं, खिडकीबाहेर बघत. "म्हणजे तिथे नक्की काय करायचं असतं?"

"बिया साफ करायच्या, वाळवायच्या, साठवायच्या. काही तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या आहेत. त्या जिवंत आहेत का ते अधूनमधून तपासायचं."

"ते कळतं कसं?"

वहिनींनी आधी त्याच्याकडे नीट बघितलं. खरंच विचारतोय, की आपलं काहीतरी बोलायचं म्हणून? मग त्या सांगायला लागल्या. ओल्या कागदावर बिया कशा मांडतात, काही बियांना आधी थंडी का द्यावी लागते, काहींचं कवच कानशीने घासावं लागतं, काही आतून पार किडलेल्या असूनही वरून कशा टवटवीत दिसतात. हातवारे करून बोलत होत्या. मध्येच त्यांनी मला विचारलं, "कळतंय ना?" वर्गात विचारतात तसं. मी घाईने मान डोलावली. तीन वर्षांत मी त्यांना सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. ऐकलं नव्हतं म्हणजे, विचारलंच नव्हतं. दुसऱ्यांच्या तोंडात मी दिवसभर डोकावते, पण ते आपलं प्लास्टरच्या साच्यातून.

मुकादमाने फोन खिशातून काढला नाही. दोनदा त्याला फार मूर्ख प्रश्न पडले आणि ते त्याने विचारलेही. तिसरा बरा होता.

बुधवारी होकार आला. आठवड्यातून तीन दिवस काम. त्यावरून त्या घरात चार दिवस कडाक्याचं भांडण झालं, कारण जायला दीड तास आणि यायला दीड तास. मुकादमाच्या मते ते "व्यवहार्य नाही". वहिनींनी त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि सोमवारी सहाच्या गाडीने कामावर गेल्या.

आता मुकादम भेटेल त्याला सांगतो, "नोकरी कर, नोकरी कर म्हणून मीच हिच्या मागे लागलो होतो." वहिनी समोर असल्या तरी सांगतो. त्या ऐकून घेतात. दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं असतं.