चर्चमधलं जातं

गिरणीचे कामगार रविवारी चर्चमध्ये येत आणि दुसऱ्या गीताच्या आतच पेंगू लागत. एकोणीसशे एकतीस साल होतं. चर्चचे पाळक जोतीराम सोलापुरात नवे होते. आधी त्यांना राग आला, मग वाईट वाटलं. पेटी वाजायची, परदेशी चालीवर चारजण गायचे, बाकीच्यांच्या माना छातीवर. केसांत कापसाचे तंतू तसेच.

एका शनिवारी संध्याकाळी ते चाळीत गोजाबाईकडे गेले. विधवा बाई, गिरणीत सूत गुंडाळायला जायची. तीन रविवार ती उपासनेला आली नव्हती. दार उघडंच होतं. आत ती दळत होती आणि गात होती:

मरीबाई माझी, दमली गं वाटंला
कुनी दिली न्हाई, टेकाया वसरी तिला

पाळक उंबऱ्याबाहेरच थांबले. गरोदर मरीयेचा बायबलमधला तो प्रवास त्यांनी कितीदा वाचून दाखवला होता. पण तिचे पाय दुखले असतील, हे आज पहिल्यांदा मनात आलं.

“हे कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

गोजाबाई दचकली. “शिकवतंय कोन? हात फिरला की येतंय.”

“उद्या चर्चमध्ये म्हणाल?”

“तितं? बाप्ये हसतील की!”

“झोपलेली माणसं हसत नाहीत, गोजाबाई.”

तिनं पदर तोंडाला लावला, पण ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी ती मंडळीपुढं उभी राहिली. ओठ हलले, आवाज फुटेना. शेवटी ती हळूच म्हणाली, “पाळकसाहेब, हात रिकामा हाय. रिकाम्या हातानं मला गाता येत न्हाय.”

म्हणून पुढच्या रविवारी चौघांनी तिचं जातं उचलून चर्चमध्ये आणलं.

मंडळीतले वडीलधारे पंच श्रीमंतराव उठून उभे राहिले. “देवाच्या घरात दळण?”

“देवाच्या घरात आपण प्रभूच्या नावानं भाकर मोडतो,” पाळक म्हणाले. “तिचं पीठ दळूनच येतं ना?”

श्रीमंतराव खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले.

गोजाबाईनं ज्वारीची मूठ टाकली. जातं घरघरलं. त्या घरघरीतून ओवी अशी निघाली, जणू ती दगडातच निजली होती. खिडकीतून आलेल्या उन्हात पिठाची धूळ तरंगू लागली, आणि त्या सोनेरी धुक्यात बसलेली माणसं क्षणभर कुठल्यातरी दूरच्या गावात गेली. जिथं पहाटे आई दळायची, आणि आपण तिच्या मांडीवर अर्धवट जागे असायचो. कुणी डोळे मिटले होते, पण झोपलं कुणीच नव्हतं.

दुसरी ओवी सुरू झाली तशी बायकांच्या बाजूनं कुणीतरी उठलं. श्रीमंतरावांची बायको, फुलाबाई. ती गोजाबाईसमोर बसली, खुंट्यावर हात ठेवला आणि तिनं आपली ओवी जोडली. लग्नाच्या वीस वर्षांत नवऱ्यानं तिचा गळा ऐकला नव्हता. त्यांनी खुर्ची हळूहळू वळवली.

“तुला येतं हे?” ते पुटपुटले.

“तुमी कदी इचारलंच न्हाय,” फुलाबाई म्हणाली, आणि फेरा थांबू दिला नाही.

पुरुषांनी टाळी धरली. एरवी नऊला आटपणारी उपासना अकरापर्यंत चालली. दळलेल्या पिठाच्या भाकरी अंगणात थापल्या, आणि पहिली भाकर श्रीमंतरावांनी स्वतः उठून मागितली.