सोयापेंडीच्या जागी

बेकरीवाल्याने केकचा खोका टेबलावर ठेवला आणि खुर्चीवर न बसताच म्हणाला, "वहिनी, आधी खाऊन बघा."

थोरल्या जावेने तुकडा तोडला, चावला, गिळला. मऊ होता, एवढं कळलं. "चांगला झालाय की."

"चांगला?" त्याने कपाळावर हात मारला. "अहो, लोक विचारतायत, यात मासळी घातलीय का! सहा केक परत आले. मी मैदा बदलला, लोणी बदललं, भांडी दोनदा घासून घेतली. शेवटी तुमचं एक अंडं नुसतं तव्यावर टाकलं, तर माझी माणसं नाक धरून बाहेर."

दारात उभ्या धाकट्या जावेने तुकडा तोंडात टाकला आणि लगेच पदरात थुंकला.

दोघी जावा मिळून सहाशे कोंबड्या सांभाळत होत्या. नवरे दूरवर बांधकामाच्या कामाला. महिन्यातून एकदा येत आणि दोन दिवस झोपून काढत. शेड झाडणं, पाणी भरणं, अंडी गोळा करणं धाकटीकडे. खाद्य कालवणं मात्र थोरलीचं, आणि त्यात ती कोणाला बोट घालू देत नसे. मक्याचा भरडा, सोयापेंड, शिंपल्यांचा चुरा आणि अगदी थोडी सुक्या मासळीची पूड. मासळीची पूड जरा जास्त पडली की तिचा वास थेट अंड्यात उतरतो, म्हणून ती माप सोडत नसे. बेकरीवाला सगळी अंडी एकट्याने उचलायचा ते त्या चवीसाठीच.

दोन महिन्यांपूर्वी तिला ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल, म्हणत ती गप्प राहिली. सोयापेंड आणि मासळीची पूड, दोन्ही खाकी, दोन्ही सारख्याच पांढऱ्या पोत्यांत. त्यांवर खूण करायची गरज वीस वर्षांत कधी पडली नव्हती. पोतं उघडलं की नाकच सांगायचं. आता ती अंदाजाने पोतं निवडत होती, आणि रोज थोडी घाबरत होती.

"खाद्यात काही गडबड झालीय का?" बेकरीवाल्याने विचारलं.

"गेल्या वेळी मी अंग टाकून पडले होते," थोरली म्हणाली. "हिनं कालवलं."

शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. धाकटीने तिच्याकडे पाहिलं. मग बेकरीवाल्याला एवढंच म्हणाली, "चुकलं असेल. आजची अंडी नेऊ नका."

तो गेल्यावर धाकटी तडक खाद्याच्या खोलीत गेली. परत आली ती दोन्ही मुठी भरून. "जाऊबाई, यातली पेंड कोणती?"

थोरलीने वाकून पाहिलं. वास घेतल्यासारखंही केलं. "ही. उजवी."

"उजवीत मासळी आहे." धाकटीने मुठी तिथेच जमिनीवर सोडल्या. "या वेळचं पेंडीचं पोतं तर तुम्ही उघडलंच नाहीय. चार-चार घमेली मासळीच घातलीत. कोंबड्या एवढ्या तुटून पडत होत्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

थोरलीने जमिनीवरचे दोन्ही ढीग पुन्हा निरखले; ते सारखेच दिसत होते.

"तुमचं काय झालंय ते विचारत नाही मी. सांगायचं असतं तर सांगितलं असतंत. पण माझं नाव कशाला पुढे केलंत? बारा वर्षं झाली मला या घरात येऊन." आणि ती सांडलेलं झाडायला केरसुणी घेऊन आली, कारण ते झाडणंही तिचंच काम होतं.

थोरलीला दमल्यासारखं झालं. नुसतं अंग नव्हे. दोन महिने खोटं खोटं हुंगण्याचा, जेवताना "मीठ बरोबर आहे" म्हणण्याचा, रोज सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहण्याचा शीण एकदम अंगावर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेकरीत गेली. जिवावर आलं होतं, तरी गेली. भट्टीतून नुकतेच पाव निघाले होते. आत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक दारातच थांबून मोठा श्वास घ्यायचं. तीही थांबली. तिला फक्त ऊब लागली.

"या वहिनी," बेकरीवाला म्हणाला. "मी रात्री विचार केला. इतक्या वर्षांचा संबंध, एका चुकीसाठी तोडायचा नाही. अंड्यांतला वास जायला किती दिवस?"

"दोन-तीन आठवडे."

"मग तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू करू. अट एकच. खाद्याला हात तुमचाच लागला पाहिजे. धाकटीला त्या खोलीत पाऊल टाकू देऊ नका."

म्हणजे सगळं जागच्या जागी राहत होतं. नुसती मान हलवायची होती. तिने एक क्षण तसं करायचं ठरवलंसुद्धा.

"तिनं नाही कालवलं," ती म्हणाली. "मीच कालवलं. मला वास येत नाही."

"सर्दी झालीय का?"

"दोन महिने झाले."

बेकरीवाल्याने एक गरम पाव मधोमध फोडला, वाफ निघत असलेला अर्धा भाग तिच्या नाकाशी धरला आणि अगदी हळू विचारलं, "हा? हापण नाही?"

तिने डोळे मिटून जोरात श्वास ओढला. पुन्हा ओढला. नाक पोळलं, पण वास आला नाही. गिऱ्हाइकं बघत होती, आणि ती त्यांच्यादेखत रडायला लागली.

"नाही," ती म्हणाली. "यापुढे धाकटीच कालवेल. अंडी घ्यायची की नाही, तुम्ही तिच्याशीच बोला."