रापणीवर नेलेलं पुस्तक

"एक पाकीट दी गो. गोड आसा मा?"

तळेऱ्याच्या स्टँडवर देवगड गाडीच्या खिडकीतून एका आजोबांनी हात बाहेर काढला. सुभद्राच्या हातात पुस्तकं होती. पण गाडीला खेटून उभी राहणारी बाई चिक्कीच विकणार, असा त्यांचा सरळ हिशेब.

"आजोबा, ह्या खावचा नाय, वाचूचा आसा. मीच लिवलंय."

"माका चष्मो नाय. तूच वाच."

दुसरी कोणी लेखिका असती तर तिचं तोंड एवढंसं झालं असतं. सुभद्रा सरळ गाडीत चढली, दांड्याला धरून उभी राहिली आणि पहिलं पान वाचू लागली. कंडक्टरचं तिकिटाचं मशीन थांबलं. मागच्या बाकावरची पोरं आधी खिदळली, मग गप्प झाली. पान संपल्यावर आजोबांनी पुस्तक घेतलं आणि म्हणाले, "नातीक सांगान म्होरला वाचूक."

मी उभा जन्म एसटी हाकली. माझ्या गाडीत पेटीवाले चढले, दात दुखायचं औषध विकणारे चढले, भविष्य सांगणारे चढले. लेखिका काही चढली नाही. आता निवृत्तीनंतर रिक्षा घेतली, तर तिच्यात मागे सहा गठ्ठे पुस्तकांचे आणि शेजारी लेखिका. परशुरामाला बायकोने हमाल केला, असं मालवणात लोक म्हणतात. म्हणोत. हमालाचीही छाती फुगते कधी कधी.

सुभद्रा अंगणवाडीत होती. सरकारला अहवाल लिहून लिहून हात वळला, असं ती म्हणते. मला ते पटत नाही, कारण तिचे अहवाल वाचून कोणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचं ऐकिवात नाही. पुस्तकाचं नाव 'दोरीवरचे हात'. रापण ओढणाऱ्या बायकांवर आहे. होडीतून समुद्रात लांबवर जाळं सोडून यायचं आणि मग त्याच्या दोन्ही दोऱ्या किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या, ती रापण. तिचा नियम फार सुंदर आहे. जो दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो वाटसरू का असेना.

फक्त सुभद्राच्या माहेरच्या वाडीत बायकांना अर्धा वाटा मिळायचा. अजूनही मिळतो. तेही पुस्तकात आहे.

पुस्तक घेऊन आम्ही कुठे कुठे नाही फिरलो? आठवडाबाजार झाले, चर्चच्या फेस्ताला गेलो. ओरोसला एका कचेरीत साहेबांनी पुस्तक चाळलं आणि म्हणाले, "ताई, मालवणी मसाल्यांवर का नाही लिहीत? हातोहात खपेल." सुभद्रा हसून म्हणाली, "मसाला ह्यातही आहे साहेब, वाचून बघा. तिखट लागला तर मला सांगा." साहेबांनी दोन प्रती घेतल्या.

पण पिकतं तिथे विकत नाही. तिचं माहेर आचऱ्याच्या पलीकडे, रिक्षाने किती लांब? तरी तिथे पुस्तक गेलं नव्हतं. प्रकाशनाला वाडीतलं काळं कुत्रं आलं नाही. मंगेश तिचा चुलतभाऊ, बापामागे रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, झालेला. त्याने निरोप पाठवला होता, "वाडयेची लाज वेशीर टांगलंस." त्या दिवशी ती जेवली नाही. आणि एका सकाळी चहा पिताना म्हणाली, "सगळो जिल्हो वाचांदे. माज्या वाडयेन वाचूक नाय, तर ह्या पुस्तक कोणाचा?"

मी रिक्षा काढली.

आम्ही पोचलो तेव्हा रापण ओढणं चालू होतं. दोन रांगा वाळूत टाचा रुतवून मागे मागे सरकत होत्या. सगळ्यांनी आम्हाला पाहिलं, आणि कोणीच पाहिलं नाही. सुभद्राने पुस्तकांची पिशवी उपड्या होडीवर ठेवली.

"तुमी पिशयेकडे रवा," ती मला म्हणाली, पदर खोचला आणि दोरीच्या शेपटाकडे गेली. तिथे बायका ओढतात. आनंदीकाकीच्या मागे तिने दोरी धरली. काकी वाडीतली सगळ्यात म्हातारी, एकटी राहणारी बाई. तिने मान वळवली आणि एवढंच म्हणाली, "पाय घट रोव. इसारलंस काय?"

सुभद्रा विसरली नव्हती. घामाने ब्लाउज भिजला, तळहात लाल झाले, तरी तिने दोरी सोडली नाही. मी मात्र होडीला टेकून उभा. शेवटी शेवटी जाळं दिसायला लागलं, तेव्हा वाडीच्या जावयाने नुसतं बघत राहणं बरं दिसेना. मी पुरुषांच्या रांगेत घुसून चार हिसके दिले.

बांगडा बरा लागला होता. मंगेश वाटे घालू लागला. वाळूवर ढिगांची ओळ झाली. त्यात माझाही ढीग होता, चांगला भरलेला. ओळीच्या टोकाला बायकांचे ढीग होते, निम्मे. त्यात सुभद्राचा.

तेवढ्यात काकीने तोंड उघडलं. "गो सुभद्रा, पुस्तक वाच."

"कित्याक गो काकी?" मंगेश मान वर न करता म्हणाला. "ठावक आसा काय लिवल्यान ता."

"तू खंय वाचलंस? हेना सांगल्यान, तेना सांगल्यान. वाटे हातान घालतंस, कान मोकळेच आसत. ऐक."

सुभद्राने पुस्तक आणलं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. माणसं ढिगांभोवती उकिडवी बसली. आपल्याच वाडीतली चेष्टामस्करी ऐकून एक-दोघं हसलेही. मला पुढचं पान ठाऊक होतं. मी सगळ्यांच्या मागून तिला खुणावलं, दोन पानं उलट. आपण पुस्तक विकायला आलोय बाई, डोकी फोडून घ्यायला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. खूण तिला नीट कळली होती. आणि ती तेच पान वाचू लागली.

"आईच्या तळहाताला जेवढे घट्टे, तेवढेच बाबांच्या. दोरीला बाई-पुरुष कळत नव्हतं. ते कळायचं वाळूवर, वाटे घालताना. आई अर्धा वाटा पाटीत भरून घरी यायची आणि आम्हाला सांगायची, आज मासळीच कमी लागली."

मंगेशच्या दोन्ही हातांत बांगडे होते, ते तसेच राहिले.

"माज्या बापाशीचा नाव लिवलंस?" त्याने विचारलं.

"नाय रे. कोणाचाच नाव नाय. रीत लिवलंय."

"ती रीत तेना घातल्यान नाय. तेच्या आदीपासून आसा."

"ठावक आसा. म्हणानच नाव नाय."

मंगेश ढिगांची ओळ बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. "भावोजी, तुमी दोरयेक हात कदी लावलात?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "जाळा दिसाक लागला तेवा," मी म्हणालो.

एक जण फस्सकन हसला. मंगेश हसला नाही. त्याने वाटायचा उरलेला माशांचा क्रेट पायाने ढकलत ओळीच्या टोकाला नेला आणि सुभद्राच्या ढिगावर ओंजळीने बांगडे टाकू लागला. तिचा ढीग माझ्या ढिगाएवढा झाला. मग शेजारचा. मग त्याच्या पलीकडचा. क्रेट संपला तेव्हा त्याने स्वतःच्या ढिगातले उचलले.

"आमचो कमी पडतलो मगे," कोणीतरी पुटपुटलं.

"पडांदे," मंगेश म्हणाला.

मी माणूस तसा रडवा नाही. घाटात ब्रेक गेला तेव्हाही माझा हात हलला नव्हता. पण तिथे उभ्या असलेल्या, केसांत वाळू गेलेल्या, पुस्तक छातीशी धरलेल्या त्या बाईकडे बघून मला वाटलं, समोर येईल त्या प्रत्येकाला धरून सांगावं, ही माझी बायको. हिने लिहिलंय. आणि वाचलंसुद्धा हिनेच, मी नको म्हणत असताना.

"एक पुस्तक दी बाय," मंगेश म्हणाला. "हात घाण आसत. काखेत घाल."

तिने पुस्तक त्याच्या काखेत दिलं. मग बाकीचे आले. कोणी लुंगीला हात पुसले, कोणी वाळूत घासले. पिशवी हलकी होत गेली. परक्यांनी, साहेबांनी पुस्तक घेतलं तेव्हा सुभद्रा दर वेळी आभार मानायची. इथे तिला ते सुचलंच नाही. ज्याला त्याला नावाने हाक मारून ती पुस्तक देत होती.

बायका आपापले वाटे भरू लागल्या. आनंदीकाकीने वाकून पाटी भरली, डोक्यावर चुंबळ ठेवली, पाटी चढवली आणि निघाली. तिच्या वाट्यातला अर्धा ढीग वाळूत तसाच पडला होता.

"काकी," मंगेशने हाक मारली. "ह्या कोणाचा?"

"कोणाचा म्हंजे? तुमचा."

"तुजा आसा. सगळा तुजा."

काकी परत आली. पाटी उतरवून ढिगाशेजारी वाळूत बसली. सुभद्रा तिला मदत करायला पुढे झाली, तर काकीने हातानेच तिला थांबवलं.

"आता खातलो कोण ह्या?" ती म्हणाली. "खाणारी सगळी गेली."

असं म्हणाली, आणि एकेक उचलून पाटीत ठेवू लागली. तिने एकही बांगडा वाळूत सोडला नाही.