वाद्य मात्र चांगले आहे

मित्रांनो, तिसऱ्या मजल्यावर अडकलेला पियानो तुम्ही पाहिला नसेल. तो मी. पुण्याच्या बिबवेवाडीतल्या एका सोसायटीत, हॉलच्या भिंतीला पाठ लावून मी उभा आहे. डोक्यावर टीव्ही आहे, झाकणावर लहानग्या अक्षताच्या दुपट्यांच्या घड्या आहेत.

माझा जन्म परदेशातला म्हणतात. मला आठवतो तो कॅम्पातला क्लब. तिथलं जुनं सामान निघालं, तेव्हा टेलिफोन खात्यातले कचरूदादा आपल्या मुलीसाठी, दीक्षासाठी, मला घेऊन आले. स्वतः ते बुद्धवंदनेला पेटी वाजवत, तेवढंच. जिना अरुंद, म्हणून मला दोर बांधून गॅलरीतून आत घेतलं. पुढे इमारतीत चोरी झाली आणि सगळ्यांनी गॅलऱ्यांना ग्रिल लावून घेतलं. आता हा बाहेर कसा पडणार, हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या आलं होतं. पण मला विचारतो कोण?

दीक्षा माझ्यासमोर मोठी झाली. शिकता शिकता ती जॅझकडे वळली, स्वतःच्या रचना करू लागली. तिच्यासोबत दोघं होते. अनिरुद्ध आपल्याहून उंच असं, बास नावाचं तंतुवाद्य वाजवी. चेतन ड्रम्स वाजवी. पुढे त्याचं आणि दीक्षाचं लग्न झालं. एक धून तिघांनी मिळून धरायची, मग प्रत्येकाने ती आपल्या वाटेने फिरवून आणायची. काय दिवस होते ते.

तिघांनी सीडी काढायची ठरवली. मला स्टुडिओत जाता येईना, म्हणून स्टुडिओ घरी आला. खिडक्यांना गाद्या लावल्या. शेजारच्या कांताबाईंना विनवलं, थोडा वेळ कुकर लावू नका.

"तुमचं वाजवणं संपेस्तोवर आमची माणसं उपाशी बसवू होय?" असं म्हणून त्यांनी कुकर लावलाच. तिसऱ्या रचनेच्या अगदी हळव्या जागी शिट्टी झाली. ही रचना दीक्षाने तिच्या गेलेल्या आईसाठी केली होती. नंतर किती वेळा वाजवून पाहिली, पण हात पुन्हा तसे चालले नाहीत. शेवटी शिट्टीसकट तीच ठेवली.

मग परीक्षणं आली. मुंबईच्या एका इंग्रजी पेपरने लिहिलं की ती शिट्टी म्हणजे शहरी स्त्रीच्या कोंडमाऱ्याचा धाडसी उद्गार आहे. तिघं पोट धरून हसले. मग पुण्याच्या पेपरात श्यामसुंदरराव यांनी लिहिलं. नारायण पेठेत राहणाऱ्या या गृहस्थांचा जन्म गवयांना तोलण्यात गेलेला. "राग कोणता, हे शेवटपर्यंत कळत नाही. शिट्टी सुरात आहे, एवढेच समाधान. हात तयार आहेत. पण काय सांगायचे आहे, हे वादिकेला ठाऊक नाही. वाद्य मात्र चांगले आहे."

मित्रांनो, माझं असं कौतुक पेपरात पहिल्यांदाच छापून आलं होतं, आणि मला तोंड लपवावंसं वाटलं. रागाचं वाक्य दीक्षाने हसण्यावारी नेलं. त्याच्या पुढचं तिला सोडेना. "खरंच असेल ते," एवढंच ती चेतनला म्हणाली आणि झाकण लावलं.

ते लागलं ते लागलंच. अनिरुद्ध कंपनीतर्फे अमेरिकेला गेला. चेतन नोकरीला लागून हिंजवडीच्या बसमध्ये झोपायला शिकला. अक्षता जन्मली. दीक्षा तिला खांद्यावर घेऊन माझ्यासमोरून येरझाऱ्या घाली, पण माझ्याकडे बघत नसे. आम्ही दोघं एकाच खोलीत अडकलो होतो.

मग कर्वेनगरला मोठा फ्लॅट घेतला आणि हा राहता फ्लॅट विकायचा ठरला.

"ग्रिल कापून घेऊ," कचरूदादा म्हणाले.

"कशाला बाबा? वाजवतंय कोण?" दीक्षा म्हणाली. "रविवारी भंगारवाला येतोय. तोडून नेईल."

कचरूदादा चपला घालून निघाले, ते थेट नारायण पेठेत. तिथे काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. शनिवारी दुपारी मात्र श्यामसुंदरराव तीन मजले चढून, धापा टाकत दारात उभे राहिले, मागे कचरूदादा.

"हे म्हणाले, वाद्य उद्या तोडणार आहात. म्हणून पाहायला आलो."

"या, बघा," दीक्षा म्हणाली. तिच्या कडेवर अक्षता किरकिरत होती.

"वाजवलंत तर बरं होईल."

"काय सांगायचंय, हे मला ठाऊक नाही. आपणच लिहिलंत ना?"

"लिहिलं. मत अजून तेच आहे. चहा चालेल, साखर कमी."

दीक्षाला काय वाटलं कोण जाणे, तिने अक्षताला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "आपण हिला धरा. ऐकलं नाहीत तरी चालेल, मी आपल्यासाठी वाजवत नाहीये."

दुपट्यांच्या घड्या खाली आल्या. झाकण उघडलं. माझ्या कितीतरी पट्ट्या उतरल्या होत्या, दोन तर बोलतच नव्हत्या. दीक्षाने आईची रचना धरली. जिथे मी मुका होतो तिथे ती क्षणभर थांबे, आणि वळसा घालून पुढे जाई. शेवटी तिचे डोळे वाहत होते, तरी हात थांबले नव्हते.

वाजवणं संपलं तेव्हा श्यामसुंदरराव ताठ बसले होते. अक्षता त्यांच्या सदऱ्यावर लाळ गाळत गाढ झोपली होती. कचरूदादांनी विचारलं, "काय साहेब?"

"हळू बोला," ते कुजबुजले. "मूल उठेल."

कचरूदादांनी आणलेला चहा निवून गेला. मत त्यांनी दिलं नाही आणि दीक्षानेही मागितलं नाही. ती आपल्या बोटांकडे बघत होती. म्हणाली, "बाबा, त्या उद्याच्या माणसाला नको म्हणून सांगा. आणि ग्रिलवाला कोण आहे ते बघा."

मित्रांनो, ग्रिलवाला अजून आलेला नाही. मी अजून इथेच, गजांच्या आत आहे. पण रोज अक्षता झोपली की टीव्हीचा आवाज बंद होतो आणि झाकण उघडतं. तुमच्या घरात एखादी पेटी, एखादी सतार कापडात गुंडाळून ठेवलेली असेल, तर तिला ऊन-दमटपणापासून जपा, धूळ पुसा. पण त्याआधी बघा, ती बंद करून ठेवणारं माणूस घरातच कुठेतरी घड्या घालत बसलं असेल. त्याच्या मांडीवरचं मूल घटकाभर तुम्ही घ्या.